खाणीतील आश्रयस्थान : भिंत आणि हवा

खाणींतील अपघातांचा इतिहास सामान्यतः स्फोटांचा व आगींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मृत्यूंची कारणे तपासू गेल्यास मात्र तो मुख्यत्वे हवेचा इतिहास आहे, असे दिसून येते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९६ साली ब्रिटिश सरकारला सादर केलेल्या अहवालात असे दाखवून दिले की, कोळशाच्या खाणीत स्फोट झाला असता बहुसंख्य कामगार मरतात ते नंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमुळे. कामगार या विषारी हवेस पूर्वीपासूनच ‘आफ्टरडॅम्प’ म्हणत. यातील ‘डॅम्प’चा अर्थ ओल असा नसून वायू असा आहे; जर्मन ‘डाम्फ’ हा त्याचा सगोत्र शब्द होय. शत्रूची ओळख कामगारांना आधीच पटली होती, याची ही भाषिक साक्ष मानावी लागेल.

त्यावरचा उपायही प्रथम त्यांनीच योजिला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात चेरी येथील खाणीत १३ नोव्हेंबर १९०९ रोजी खेचरांसाठी उतरविलेल्या गवताने पेट घेतला आणि २५९ जण प्राणांस मुकले. एकवीस जणांनी मात्र आत खोलवर जाऊन भिंत उभारली व विषारी हवा अडविली. कोळशातून झिरपणाऱ्या पाण्यावर आठ दिवस काढून ते बाहेर आले. त्यांपैकी एक पुढे दगावला.

परंतु आडोसा म्हणजे आश्रय नव्हे. २ जानेवारी २००६ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील सेगो खाणीत स्फोटानंतर अडकलेल्या बारा जणांनी पडदा लावून स्वतःस कोंडून घेतले. त्यांच्याजवळील श्वसनयंत्रे सुमारे तासाभराचीच होती. सुमारे ४१ तासांनी मदत पोहोचली, तेव्हा एकच जण जिवंत होता. त्याच महिन्याच्या २९ तारखेस कॅनडातील एस्टरहेझी येथील पोटॅशच्या खाणीत आग लागली. तेथे प्राणवायू, अन्न व पाणी यांची तरतूद असलेल्या बंद खोल्या अगोदरच सिद्ध होत्या. बहात्तरही कामगार सुखरूप परतले.

अमेरिकेत त्याच वर्षी नवा कायदा झाला. २००८ च्या नियमांनी कोळशाच्या खाणींतील आश्रयस्थानांत ९६ तास पुरेल इतकी श्वसनयोग्य हवा आवश्यक ठरविली. उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड शोषून घेण्याची सोयही तीत अंतर्भूत आहे. चेरीच्या भिंतीपासून या नियमापर्यंत जवळजवळ शंभर वर्षे गेली. संकटसमयी कामगारांनी आपल्या हातांनी जे केले, ते संकटापूर्वी करून ठेवणे हे व्यवस्थेचे कर्तव्य ठरण्यास इतका काळ लागला, हाच या इतिहासाचा बोध होय.