मांजराला मधुमेह झालाय. त्याचं आयुष्य सुखाचं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

मांजराला मधुमेह असल्याचं कळलं की घरच्यांचे पहिले प्रश्न साधारण ठरलेले असतात. रोज इंजेक्शन द्यावं लागेल का? खर्च किती येईल? ते किती जगेल? पण काही महिने गेल्यावर, विशेषतः जोडीला किडनीचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असेल तर, आणखी एक प्रश्न समोर येतो. तो मोठ्याने विचारायलाही जड जातं: एवढं सगळं करूनही मांजर सुखात आहे का? की आपण त्याचे हाल लांबवतोय?

याचं उत्तर एका रिपोर्टमधून मिळत नाही. मात्र ते नुसतं 'मनाला काय वाटतं' यावर सोडण्याचीही गरज नाही. पशुवैद्यकशास्त्रात त्यासाठी काही साध्या पद्धती आहेत आणि त्या घरच्या घरी वापरता येतात.

मांजरांचा मधुमेह कसा असतो?

मांजरांमधला मधुमेह बराचसा माणसांच्या टाइप-२ मधुमेहासारखा असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि हळूहळू स्वादुपिंडही पुरेसं इन्सुलिन बनवू शकत नाही. मध्यम वयापुढची, वजनदार, दिवसभर घरातच असणारी मांजरं आणि त्यातही नसबंदी झालेले बोके यांना धोका जास्त असतो.

लक्षणं ठळक असतात. मांजर खूप पाणी पितं, लिटर बॉक्स सारखा भिजलेला असतो, भूक वाढते, तरी वजन घटतं. साखर बराच काळ वाढलेली राहिली तर मागच्या पायांच्या नसांवर परिणाम होतो. मग मांजर पंजांवर न चालता घोटा जमिनीला टेकवून चालतं आणि उंच उडी मारायचं टाळतं.

यात एक दिलासाही आहे. निदानानंतर लवकर इन्सुलिन सुरू केलं आणि आहारातलं पिठूळ अन्न कमी केलं, तर काही मांजरांची साखर इन्सुलिनशिवायही आटोक्यात राहू लागते. याला रेमिशन म्हणतात. ते प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही आणि आलं तरी आजार परतू शकतो. तरीही निदानाच्या दिवशीच 'आता काही खरं नाही' असं समजण्याचं कारण नाही.

साखरेचा आकडा किती महत्त्वाचा?

महत्त्वाचा आहे, पण एकट्या आकड्यावर निर्णय होत नाही. दवाखान्यात नेलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही वाढते. म्हणून पशुवैद्य फ्रुक्टोसामाइन ही चाचणी करतात. तिच्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज येतो.

मांजराच्या रक्तातली साखर साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे गेली की ती लघवीतून बाहेर पडायला लागते. तहान आणि लघवी वाढते ती त्यामुळे. साखर बहुतेक वेळ या पातळीखाली राहिली, तर मांजराला बरं वाटतं. माणसांसारखं काटेकोर नियंत्रण नेहमी गरजेचं नसतं, उलट त्या नादात साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

समजा, दोन मांजरं आहेत. एकाची साखर अधूनमधून ३२० दाखवते, पण ते वेळेवर खातं, खिडकीत जाऊन बसतं, वजन स्थिर आहे. दुसऱ्याची साखर २२० आहे, पण ते रोज उलट्या करतं, पलंगाखालून बाहेर येत नाही आणि अंग चाटायचंही त्याने सोडलंय. आकडा दुसऱ्याचा चांगला, दिवस पहिल्याचे चांगले.

दिवस मोजायचे कसे? सात मुद्द्यांची पद्धत

अमेरिकेतल्या प्राण्यांच्या कर्करोगतज्ज्ञ डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये आजारी प्राण्यांसाठी एक मोजपट्टी मांडली. त्यात सात मुद्द्यांना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे असतात. एकूण ७० पैकी ३५ पेक्षा जास्त गुण असतील, तर आयुष्याचा दर्जा स्वीकारण्याजोगा मानला जातो. मधुमेही मांजराच्या बाबतीत हे मुद्दे जरा सावधपणे पाहावे लागतात.

१. वेदना: मांजर दुखणं लपवतं. ते ओरडेल याची वाट पाहू नये. कान बाजूला वळून सपाट होणं, डोळे अर्धवट मिटलेले, तोंडाचा भाग ताणलेला, मिशा ताठ, डोकं खांद्याच्या खाली झुकलेलं, या पाच खुणा माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलेल्या 'फिलाइन ग्रिमेस स्केल'मध्ये वापरतात. श्वास घ्यायला त्रास होणं हेही याच मुद्द्यात धरतात. मांजर घुरघुरतंय म्हणजे ते मजेत आहे, असंही नेहमी नसतं. दुखत असतानाही मांजरं घुरघुरतात.

२. भूक: मधुमेहात हा मुद्दा फसवा आहे. अधाशासारखं खाणं हे बरं असल्याचं लक्षण नाही. साखर अनियंत्रित असल्याची ती खूण असू शकते. खाणं आणि वजन दोन्ही एकत्र पाहावं. आणि मांजराने खाणंच सोडलं, तर वाट पाहू नये. दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणानेही यकृतात चरबी साठून नवा गंभीर आजार होऊ शकतो.

३. पाणी: इथेही तेच. खूप पाणी पिणारं मांजर आतून कोरडं पडलेलं असू शकतं, कारण त्याहून जास्त पाणी लघवीतून जातं. मानेमागची कातडी हलकेच उचलून सोडल्यावर ती लगेच जागेवर जाते का आणि हिरड्या ओलसर आहेत का, ते पाहावं. वयस्कर मांजराची कातडी आधीच सैल असते, म्हणून हिरड्यांवर जास्त भरवसा ठेवावा.

४. स्वच्छता: मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं. केस तेलकट, गुंतलेले दिसू लागले किंवा ते लघवीत भिजलेलं बसू लागलं, तर ती मोठी खूण आहे.

५. आनंद: या मांजराला कधीकाळी काय आवडायचं, त्याच्या तीन-चार गोष्टी लिहून काढाव्यात. दार उघडल्यावर धावत येणं, गॅलरीतल्या कबुतरांवर नजर ठेवणं, रात्री पायाशी झोपणं. त्यातलं आज काय उरलंय?

६. हालचाल: मागचे पाय कमजोर झाले म्हणजे सगळं संपलं असं नाही. साखर आटोक्यात आली की नसांचा त्रास काही महिन्यांत कमी होऊ शकतो. तोपर्यंत कमी उंचीच्या कडेचा लिटर बॉक्स आणि गुळगुळीत फरशीवर चटई पुरते. पाहायचं ते हे की, मांजर स्वतः खाण्यापर्यंत, पाण्यापर्यंत आणि लिटरपर्यंत पोहोचतंय का.

७. वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का? यासाठी कॅलेंडर सगळ्यात उपयोगी. रोज रात्री एकच खूण करायची: चांगला दिवस किंवा वाईट दिवस. महिनाअखेरीला ते पान बघायचं. कालचा वाईट दिवस मनात मोठा होतो आणि हळूहळू होणारी घसरण रोज पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटते. कॅलेंडर दोन्ही चुका टाळतं.

घरातल्या दोन माणसांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग ताडून पाहावेत. फरक मोठा असेल, तर बोलायला विषय मिळतो. एकाच दिवसाच्या गुणांवर मात्र काही ठरवू नये.

गुण कमी आले तर लगेच निर्णय घ्यायचा का?

नाही. आधी पाहायचं की, हे गुण आजारामुळे कमी झालेत की दुरुस्त होण्यासारख्या एखाद्या गोष्टीमुळे.

पहिली तपासणी सिरिंजची. भारतात माणसांसाठीच्या इन्सुलिनच्या अनेक कुप्या मिलिलिटरमागे ४० युनिटच्या असतात, तर ग्लार्जिनसारखं इन्सुलिन १०० युनिटचं असतं. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० चं इन्सुलिन चुकून लाल सिरिंजमध्ये 'दोन' खुणेपर्यंत भरलं, तर मांजराला दोनऐवजी पाच युनिट मिळतात. ही चूक जिवावर बेतू शकते. उलट अदलाबदल झाली, तर औषध कमी पडतं आणि 'इन्सुलिन लागूच पडत नाही' असं वाटतं.

दुसरी गोष्ट आहार. मांजर मूळचं मांसाहारी. दूध-पोळी, दूध-भात किंवा दिवसभर भरलेली कोरड्या खाद्याची वाटी यांतून पिष्टमय पदार्थ किंवा साखर जास्त जाते. ओल्या खाद्यात पिष्टमय पदार्थ सहसा कमी असतात. मात्र इन्सुलिन चालू असताना आहार अचानक बदलला, तर साखर एकदम खाली येऊ शकते. त्यामुळे हा बदल पशुवैद्यांना सांगूनच करावा.

तिसरी गोष्ट सोबतचे आजार. दातांचा संसर्ग, मूत्रमार्गाचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज, किडनीचा आजार किंवा वाढीच्या संप्रेरकाचं प्रमाण जास्त असणं, यांमुळे मधुमेह आवरत नाही. यातल्या काहींवर चांगला उपचार होतो. बरेचदा मांजराचे दिवस वाईट जातात ते साखरेमुळे नव्हे, तर दुखणाऱ्या दातामुळे.

इंजेक्शनऐवजी तोंडावाटे औषध मिळेल का, असाही प्रश्न येतो. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन हे पातळ औषध मांजरांसाठी मंजूर झालं. पण ही औषधं आधी इन्सुलिन न घेतलेल्या आणि एरवी निरोगी मांजरांसाठीच आहेत. माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या मांजराला स्वतःहून कधीही देऊ नयेत.

दवाखान्यात तातडीने कधी न्यायचं?

- मांजर अडखळतंय, थरथरतंय किंवा झटके येतायत: साखर खाली गेलेली असू शकते. हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळावं आणि लगेच निघावं. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पातळ काही ओतू नये.
- उलट्या, खाणं बंद, सुस्ती, तोंडाला वेगळाच गोडसर वास: कीटोअ‍ॅसिडोसिस असू शकतो. घरी उपाय करत बसू नये.

माणसांवरचा ताण या हिशेबात धरायचा का?

बहुतेक देखभाल करणाऱ्यांना हा प्रश्न स्वार्थी वाटतो. पण संशोधकांनी तो मुद्दाम विचारलाय. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये मधुमेही मांजरांसाठी २९ मुद्द्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. इन्सुलिनवर असलेल्या मांजरांच्या २२१ मालकांनी ती भरली. सगळ्यात जास्त त्रासाचे म्हणून जे मुद्दे पुढे आले, त्यांत मांजराला कुठे ठेवून जायची अडचण, आजारावर आणखी नियंत्रण हवं असं वाटणं, सततची काळजी, साखर खाली जाण्याची भीती, खर्च, सामाजिक आयुष्य आणि नोकरी हे होते. म्हणजे त्रासाच्या यादीत वरती मांजराइतकाच माणूसही होता.

दर बारा तासांनी इंजेक्शन म्हणजे गणपतीत गावी कसं जायचं, नाइट शिफ्ट असेल तर कोण देणार, हे प्रश्न खरे आहेत. त्यावर काही मार्ग निघतात: शेजारच्या एखाद्याला इंजेक्शन द्यायला शिकवणं, घरातल्या दोघांनी वेळा वाटून घेणं, महिन्याचा खर्च आधीच मांडून ठेवणं. मार्ग निघत नसेल, तर ते पशुवैद्यांना मोकळेपणाने सांगावं. कमी तपासण्यांची, झेपेल अशी योजना आखता येते. थकलेल्या माणसाकडून डोस चुकतात आणि त्याची किंमत मांजरच मोजतं.

थांबायचं ठरलं तर?

उपचारांनंतरही वाईट दिवस वाढत गेले, मांजर वारंवार दाखल करावं लागलं किंवा वेदना आवरेना, तर दयामरणाचा विषय काढणं ही क्रूरता नाही.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. इन्सुलिन बंद करून 'नैसर्गिकरीत्या जाऊ दे' असा विचार दयाळू वाटतो, पण त्यातून मांजराच्या वाट्याला अनेकदा कीटोअ‍ॅसिडोसिस येतो: उलट्या, कोरडं पडणं, धाप. ते शांत मरण नसतं. दुसरं म्हणजे मांजराला कुठेतरी सोडून देणं. उपासमारीने किंवा तहानेने त्रास होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे.

दयामरण पशुवैद्यांकडूनच करून घ्यायचं असतं. सहसा आधी गुंगीचं औषध देतात. मांजर झोपलं की भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस दिला जातो आणि हृदय थांबतं. घरचे जवळ बसू शकतात. घरात लहान मूल असेल, तर 'झोपवलं' असं न म्हणता सरळ शब्दांत सांगणं बरं, नाहीतर मुलाला झोपेचीच भीती बसू शकते.

पशुवैद्यांना विचारायचे प्रश्न

- आत्ता जो त्रास दिसतोय, त्यातला किती सुधारू शकतो आणि साधारण किती आठवड्यांत?
- सोबत दुसरा कोणता आजार आहे का? त्याची तपासणी झाली आहे का?
- आम्हाला झेपेल अशी योजना कोणती?
- कोणती लक्षणं दिसली की थांबायचा विचार करावा?

शेवटचा प्रश्न मांजर बऱ्या अवस्थेत असतानाच विचारावा आणि उत्तर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवावं. रात्री दोन वाजता, घाईत आणि रडत निर्णय घ्यायची वेळ आली, तर हाताशी शांतपणे ठरवलेलं काहीतरी असतं.