यंत्र लिंडे यांचं, पेला मार्च महिन्याचा

मंडळी, शोधाच्या वाढदिवसाला बिअरचा पेला भरायचा, तर तो कोणत्या बिअरचा? प्रश्न गमतीचा आहे खरा, पण आज आम्ही तो जरा गंभीरपणे घेणार आहोत. वाढदिवस धरू ९ ऑगस्ट १८७७. कार्ल फॉन लिंडे यांच्या थंडावा निर्माण करणाऱ्या यंत्राच्या जर्मन पेटंटची ही तारीख.

आधीची अडचण पाहा. लागर बिअरचं यीस्ट थंडीतच नीट काम करतं. उन्हाळ्यात बिअर आंबट व्हायची. म्हणून बव्हेरियात १५५३ मध्ये कायदाच झाला: २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायची नाही. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ती गार तळघरांत उन्हाळाभर ठेवायची. तिचं नावच पडलं ‘मेर्त्सन’, म्हणजे मार्चची. तळघरांवर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावली गेली. १८५० मध्ये कायदा उठला; उन्हाळा काही उठला नाही! तळ्यांतला बर्फ कापून साठवावा लागे, आणि हिवाळा सौम्य गेला की पंचाईत.

इथे म्युनिकचे दारूभट्टीमालक गाब्रिएल झेडलमायर पुढे आले. त्यांच्या ‘श्पाटेन’ भट्टीच्या पाठबळावर लिंडे यांचं पहिलं यंत्र १८७३ मध्ये उभं राहिलं. नंतरच्या यंत्रात त्यांनी अमोनिया वापरला. तत्त्व आपल्या माठाचंच, बरं का. पाझरलेलं पाणी उडून जाताना माठातली उष्णता घेऊन जातं. इथे पाण्याऐवजी अमोनिया, आणि त्याची वाफ सोडून न देता दाबून, गार करून, पुन्हा द्रव करायची. १८७७ मध्ये असं यंत्र ट्रिएस्टच्या ड्रेहर भट्टीत बसलं.

आता एक सावधगिरी. ‘फ्रिज लिंडे यांनी शोधला’ असं म्हणू नका. जेकब पर्किन्स यांचं पेटंट १८३४ चं आहे. लिंडे यांचं मोठेपण असं, की उष्णतेच्या शास्त्राचा हिशेब मांडून त्यांनी कारखान्यात भरवशाने चालणारं यंत्र दिलं.

मग पेला कोणता? ‘श्पाटेन’ने १८९४ मध्ये आणलेली फिकट सोनेरी ‘हेलेस’ सहज सुचेल. ती यंत्रयुगाची बिअर. पण आम्ही मेर्त्सनच निवडू. जी अडचण लिंडे यांनी संपवली, तिची आठवण त्या नावात शिल्लक आहे. यंत्र आल्यावर मार्चमध्ये घाई करण्याचं कारण उरलं नाही, महिना मात्र बाटलीवर राहिला. आणि मंडळी, अडचण विसरली, की शोधाचं मोलही कळेनासं होतं.