श्मश्रु, स्नेह आणि शिशिर : शब्दार्थाच्या आधारे एका ऋतुचर्येचा शोध

संस्कृतात 'श्मश्रु' म्हणजे दाढी. मराठीत 'श्मश्रू' म्हणजे दाढी काढून टाकण्याची क्रिया. एका भाषेत जी वस्तू, तिचाच नाश दुसऱ्या भाषेत त्याच शब्दाने सांगितला जावा, ही गोष्ट वरवर केवळ मौजेची वाटते. परंतु तिचा परिणाम प्राचीन ग्रंथांच्या वाचनावर झालेला आहे. धर्मसूत्रांत, गृह्यसूत्रांत अथवा वैद्यकात 'श्मश्रु' हा शब्द आला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वस्तरा उभा राहतो आणि ह्या ग्रंथांना दाढीविषयी एवढेच सांगावयाचे होते की ती काढावी, असा त्याचा समज होतो. दाढीची निगा, विशेषतः थंडीच्या कोरड्या हवेत तिची व तिच्याखालील त्वचेची घ्यावयाची काळजी, हा विषय त्या परंपरेत नव्हताच असे मग गृहीत धरले जाते. ग्रंथांतील शब्द बारकाईने पाहिले असता हे गृहीत टिकत नाही.

१

वैदिक वाङ्मयात दाढी हे सामर्थ्याचे लक्षण आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्राची दाढी पिंगट आहे. इंद्र आणि पूषन् हे दोघेही आपली दाढी हालवीत असल्याचे वर्णन येते. क्षौराचा उल्लेखही प्राचीनच आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातील ६८ वे सूक्त क्षौरकर्माचे असून त्यात सविता वस्तरा घेऊन येतो, तर वायूला ऊन पाणी घेऊन येण्याची विनंती केली जाते. जलांनी केस भिजवावेत अशीही प्रार्थना आहे. वस्तऱ्याच्या जोडीला ऊन पाणी असणे ही येथे काव्यातील शोभा नव्हे, तर विधीतील गरज आहे.

गृह्यसूत्रांत ही गरज अधिक स्पष्ट होते. आश्वलायन गृह्यसूत्रातील चौलविधीत थंड व ऊन पाणी एकत्र करून त्यात लोणी अथवा दह्याची कवडी मिसळावी आणि त्याने मुलाचे डोके तीन वेळा भिजवावे, असे सांगितले आहे. सोळाव्या वर्षीच्या गोदान संस्कारात हाच विधी मुखावर होतो. सूत्रकार एवढेच सांगतो की मंत्रात जेथे केसांचा उल्लेख असेल तेथे श्मश्रूचा करावा. शेवटी नापिताला दिलेल्या आज्ञेतही शीतोष्ण पाण्याचाच उल्लेख असून इजा न करता काम करावे अशी सूचना आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांच्या १९३० ते १९६२ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात ह्या संस्कारांचे सविस्तर विवेचन आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, कोमट पाणी आणि स्निग्ध द्रव्य ह्यांनी केस मऊ केल्यावाचून शस्त्र चालवू नये हा नियम संस्काराच्या चौकटीत प्रथमपासून बसविलेला होता.

२

ह्याच नियमाची दुसरी साक्ष 'न्हावी' ह्या शब्दात आहे. मराठी 'न्हावी' प्राकृत 'ण्हाविअ' वरून आला. संस्कृतात ह्या अर्थाचा रूढ शब्द 'नापित' आहे. परंतु प्राकृतातील 'ण्ह' त्यावरून साधत नाही. पालीतील 'नहापित' हे रूप पाहिले म्हणजे मूळ शब्द 'स्ना' ह्या धातूच्या प्रयोजकापासून झालेला, म्हणजे स्नान घालण्याशी संबंधित, असल्याचे दिसते. 'नापित' हे त्याचेच बोलीतून संस्कृतात शिरलेले रूप होय. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात कारागिरांची जी यादी आहे तीत 'कप्पक' आणि 'नहापक' हे दोघे स्वतंत्र येतात. त्याच सुत्तात, काशाच्या भांड्यात स्नानचूर्ण पाण्याने मळून त्याचा स्निग्ध गोळा करणाऱ्या कुशल नहापकाची उपमाही आहे. एकाचे नाव कापण्यावरून, तर दुसऱ्याचे न्हाऊ घालण्यावरून. पुढे दोघांची कामे एका हातात आली आणि मराठीत टिकून राहिले ते न्हाऊ घालणाऱ्याचे नाव. वारकरी परंपरेतील सेना न्हाव्याच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या अभंगातही व्यवसायाची जी उपकरणे रूपकात येतात, त्यांत आरसा आणि चिमटा ह्यांच्याबरोबर डोई भिजविण्याचे पाणीही आहे.

'कप्पक' हा शब्दही दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्यातील धातू 'क्लृप्' असून त्याचा मूळ अर्थ नीट लावणे, योग्य स्थितीत आणणे असा आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाने केस, नखे व श्मश्रू 'क्लृप्त' राखावीत असे म्हटले आहे. ह्या ठिकाणी 'मुंडित' असा अर्थ करण्यात एक उघड अडचण आहे. नखांचे मुंडन होत नाही; ती कापून नीट राखली जातात. एकाच विशेषणाने तिन्ही वस्तू सांगितल्या असता श्मश्रूपुरता वेगळा अर्थ घेण्यास कारण नाही. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वाग्भटाने केस, नखे व श्मश्रू ह्यांसाठी 'नीच', म्हणजे आखूड, हा शब्द योजिला आहे. आखूड असणे म्हणजे नसणे नव्हे. मराठीत 'दाढी करणे' ह्या प्रयोगातील 'करणे' हे ह्याच जुन्या अर्थाचे अवशेष मानता येईल. 'वेणीफणी करणे' ह्यात जसा केसांचा नाश अभिप्रेत नाही, तसा 'दाढी करणे' ह्यातही मूळचा नसावा.

३

वैद्यकात ह्या क्रियेला दोन अंगे आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात केस, श्मश्रु, नखे इत्यादींचे 'कल्पन' आणि 'संप्रसाधन' पौष्टिक, आयुष्य वाढविणारे, शुद्धी व शोभा देणारे म्हणून सांगितले आहे. कल्पन म्हणजे आखूड करणे आणि संप्रसाधन म्हणजे विंचरणे, सजविणे. दुसरी क्रिया श्मश्रु अस्तित्वात असल्यावाचून संभवत नाही. आठव्या अध्यायात हे कर्म पंधरवड्यातून तीनदा करावे असे प्रमाण दिले आहे. पाच दिवसांच्या अंतराने होणाऱ्या ह्या कर्मात मधल्या काळी मुखावर खुंट असणारच. तेव्हा त्याची निगा हा दैनंदिन प्रश्न होता. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात फणीचे गुण सांगताना ती धूळ, जंतू व मळ काढते असे म्हटले आहे. कामसूत्रातील नागरकाच्या दिनक्रमात दर चौथ्या दिवशी 'आयुष्य' करावे असे येते आणि टीकाकार यशोधर त्याचा अर्थ श्मश्रुकर्म असा लावतो. ज्या कर्माचे फल आयुष्य, त्या कर्मालाच 'आयुष्य' म्हटले गेले. चरकाने दिलेले विशेषण कामसूत्रात नाम झाले.

४

आता ऋतूचा विचार. चरकाच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात हेमंत व शिशिर जवळजवळ सारखे मानले आहेत. मात्र शिशिराचे दोन विशेष सांगितले आहेत. सूर्याच्या आदानकालास आरंभ झाल्याने येणारे रौक्ष्य हा एक, आणि मेघ, वारा व पाऊस ह्यांमुळे वाढणारी थंडी हा दुसरा. हिवाळी ढग आणि पाऊस ह्यांचा हा उल्लेख वायव्य भारताच्या हवामानाशी जुळतो. संहिता पुरी करणारा दृढबल आपले गाव पञ्चनदपुर असल्याचे सांगतो, हेही येथे ध्यानात ठेवावे. दख्खनच्या पठारावर माघ-फाल्गुनात असा पाऊस नेहमीचा नाही. येथे शिशिराचा जाणवणारा गुण रौक्ष्य हाच आहे.

रौक्ष्यावर उपाय स्नेहाचा. हेमंतचर्येत चरकाने अभ्यंग, उटणे आणि मस्तकावर तेल सांगितले आहे. वायू स्पर्शेंद्रियात विशेषेकरून असतो आणि स्पर्शेंद्रिय त्वचेच्या आश्रयाने राहते, म्हणून त्वचेला तेल हितकर, अशी त्याची उपपत्ती आहे. तेलाने घडा, कातडे आणि गाडीचा आस जसा टिकाऊ होतो तसे शरीर होते, अशी दृष्टांतांची मालिका तो देतो. वाग्भटाचा क्रम अधिक सूक्ष्म आहे. वातघ्न तेलाचा अभ्यंग झाल्यावर तुरट द्रव्यांनी जादा स्नेह काढावा, मग स्नान करावे आणि त्यानंतर केशर व कस्तुरीची उटी लावावी.

मुखासाठी वाग्भटाने ऋतुपरत्वे सहा लेप सांगितले आहेत. हेमंतासाठी बोराच्या आठळीतील मगज, अडुळशाचे मूळ, लोध्र आणि पांढरी मोहरी. शिशिरासाठी रिंगणीच्या जातीच्या सिंहीचे मूळ, काळे तीळ, दारुहळदीची साल आणि निस्तुष जव. दोन्ही लेपांत मोहरी अथवा तीळ ह्यांसारखे तेलबी आहे, हे योगायोगाने आलेले नसावे. त्याहून महत्त्वाचा आहे तो लेप काढण्याचा नियम. लेप ओला असेपर्यंतच ठेवावा, कारण वाळलेला लेप कांती बिघडवितो. तो काढताना प्रथम भिजवावा. आणि काढल्यावर अभ्यंग करावा. श्मश्रु असलेल्या मुखावर वाळलेला लेप ओढून काढला तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

हा क्रम व गृह्यसूत्रांतील क्रम शेजारी ठेवले म्हणजे त्यांतील साम्य दिसते. दोहोंकडे पाणी आधी, कोरडेपणी ओढाताण नाही, आणि स्नेहाची साथ आहे. हिवाळ्याची खास दाढीचर्या म्हणून वेगळा अध्याय ह्या ग्रंथांत नाही; ती मस्तक, मुख व सर्वांग ह्यांच्या चर्येत विभागून आलेली आहे.

आजच्या ज्ञानाने ह्या क्रमाची कारणे सांगता येतात. थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची शक्ती कमी असते. अशा हवेत त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातील पाणी लवकर उडून जाते, तो आकसतो, खाज सुटते आणि दाढीत कोंड्यासारख्या खपल्या दिसू लागतात. केस पाणी शोषून मऊ होतो आणि कोरडा असता ताठ राहतो. तेल स्वतः ओलावा देत नाही. त्वचेत असलेले पाणी उडून जाण्यास ते अटकाव करते. म्हणून ते ओलसर त्वचेवर लावणे अधिक उपयोगी पडते. फार कढत पाणी मात्र त्वचेचा नैसर्गिक स्निग्धांश धुऊन नेते. ह्या दृष्टीने सूत्रकारांचे शीतोष्ण पाणी म्हणजे आजच्या भाषेत कोमट पाणीच होय.

५

अर्थ संकुचित कसा झाला? 'दाढी' हा शब्द स्वतः शरीरातील स्थानावरून आला आहे. 'दंष्ट्रा' पासून प्राकृत 'दाढा', त्यावरून मराठी 'दाढ', आणि दाढांच्या जागी वाढणारी ती 'दाढी'. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील दंडविधानात 'दाढिका' हे प्राकृत वळणाचे रूप आढळते. दाढीला असा घरगुती शब्द मिळाल्यावर 'श्मश्रु' हा वस्तुवाचक म्हणून अनावश्यक झाला आणि 'श्मश्रुकर्म' ह्यासारख्या समासांतील क्रियेचा अर्थ त्याला चिकटला. संस्कृतातील नपुंसकलिंग जाऊन मराठीत तो स्त्रीलिंगी झाला, ह्यात 'दाढी' व 'हजामत' ह्या शब्दांचा सहवास कारण असावा. 'हजामत' ची कथाही अशीच आहे. अरबीत त्या शब्दाचा अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे. फारसीच्या मार्गाने येताना तो क्षौरावर स्थिरावला. कारागिराच्या अनेक कामांपैकी एकच काम शब्दात उरावे, असे ह्या दोन्ही ठिकाणी घडले.

व्यवहारानेही ह्या संकोचाला हातभार लावला. बदलत्या पात्याच्या वस्तऱ्याचे एकस्व किंग जिलेट ह्याला अमेरिकेत १९०४ मध्ये मिळाले; असा वस्तरा घरोघर गेल्यावर क्षौर हे स्वतः झटपट उरकण्याचे काम झाले. तेल चोळणे, पाण्याने मऊ करणे, पुसणे ही न्हाव्याची कामे त्यापासून सुटली. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल, उटणे व ऊन पाणी हा क्रम महाराष्ट्रातील घरांत थंडीच्या तोंडावर अजून पाळला जातो. पण ऋतूभर चालावयाची चर्या तेथे एका दिवसाचा आचार होऊन राहिली आहे.

प्राचीन ग्रंथांचा मराठी अनुवाद करताना 'केशश्मश्रुकल्पन' ह्याला 'हजामत' असा प्रतिशब्द ठेवणे म्हणूनच सदोष ठरते. त्या प्रतिशब्दाने संप्रसाधन हरवते, 'नीच' आणि 'क्लृप्त' ह्या शब्दांची नेमकी छटा हरवते, आणि वस्तऱ्याच्या आधी पाणी व स्नेह ह्यांना दिलेले स्थानही हरवते. 'दाढी आखूड व नीट राखणे' हा लांबट पण प्रामाणिक अनुवाद होय. ग्रंथकारांनी जे सांगितले त्यातील बरेचसे ज्ञान त्यांचे स्वतःचे नसून ते नापिताच्या हाताचे होते. त्याने ग्रंथ लिहिले नाहीत. परंतु शस्त्र उचलण्यापूर्वी तो न्हाऊ घालीत असे, ही त्याच्या विद्येतील मुख्य गोष्ट त्याच्या नावानेच मराठीपर्यंत पोहोचविली आहे.