वाळुंज ओळखायचा कसा, आणि इतिहासात वापरायचा कसा?

विलो म्हटलं की आपल्याला काश्मीर नाहीतर क्रिकेटची बॅट आठवते. पण धायरीहून मुठेकाठी उतरलात तर लक्षात ठेवा, अशा नद्यांच्या काठचा एक देशी विलो आहे : वाळुंज. शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा, म्हणजे चार बियांचा. हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्गने दिलं. पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुकने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये छापला. नोंदीत स्थळ आणि संग्राहक दोन्ही देणारा हा ग्रंथ आपल्यासाठी सोन्याची खाण आहे.

पण 'वाळुंज' हा शब्द सापडला म्हणजे झाड सापडलं, असं नाही हं! पुरंदर तालुक्यात वाळुंज नावाचं गाव आहे. नाव झाडावरून पडलं की वाळूवरून? नुसत्या उच्चारावर निष्कर्ष काढू नये.

म्हणून ओळख पक्की हवी. पान भाल्यासारखं लांबट, फांदीवर एकाआड एक, खालून पांढुरकं, कडा बहुधा बारीक दातेरी. पुरात मोडलेलं किंवा तोडलेलं झाड बुंध्यापासून फुटून झुडूपच वाटतं. तिथेच नदीपात्रातल्या होमोनोइया रायपेरिया या अरुंद पानांच्या झुडपाशी गल्लत होते. ते एरंडाच्या कुळातलं, फळाला तीन खण. वाळुंजाचं फळ दोन शकलांत उकलतं आणि बियांना कापसासारखे केस असतात. नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे हर्बेरियमच्या कागदावर नुसती पानं असतील तर तो पुरावा जरा लंगडाच. लेबलवरची तारीख जरूर उतरवून घ्या, फुलोरा साधारण पावसाळा सरल्यावर येतो.

तारखेला आणखी एक अर्थ आहे. विलोचं बी फार थोडे दिवस जगतं, त्याला लगेच ओला, उघडा गाळ लागतो. खडकवासला धरण १८७९ च्या सुमाराचं. त्याने मुठेचे पूर बदलले, म्हणजे गाळ पडण्याची वेळही बदलली. तेव्हा काठावर जुनं वाळुंज दिसलं की वर बघून फोटो काढण्याआधी खाली बघा, आसपास रोपं आहेत का? आणि असतील तर ती बियांची आहेत की मोडून रुजलेल्या फांद्यांची?