पाचवीची रात्र

बेसा आता नागपूरचंच एक अंग झालं आहे. माझ्या लहानपणी मनीषनगरच्या रेल्वे फाटकापलीकडे वावरंच वावरं होती. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडीची चाकं रुतत, आणि सकाळी ‘नागपूरले जाऊन येतो’ म्हणून निघालेला माणूस सांजेलेच परत दिसे. ती वावरं कशी विकली गेली, प्लॉट कसे पडले, हा इतिहास गावातले बरेच जण सांगतात. मला सांगायचा आहे तो त्याहून लहान जागेचा, बाळंतिणीच्या खोलीचा. लेकरू जन्मल्यावरचे पहिले बारा दिवस आमच्या घरात तीन पिढ्यांनी कसे काढले, त्याची ही गोष्ट.

जुन्या घरात मधल्या घराला लागून एक अंधारी खोली होती. एरवी तिथं धान्याच्या कोठ्या असत. सुनेचे दिवस भरत आले की कोठ्या हलवायच्या, जमीन शेणानं सारवायची, खिडकीची फट चिंध्यांनी बुजवायची आणि बाज टाकायची. बाजेखाली गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी. पहिलं बाळंतपण माहेरी आणि पुढची सासरी, असा रिवाज. त्यामुळे आजीची सात आणि मायची चार बाळंतपणं या एकाच खोलीत झाली. दाई गावातलीच. बाळंतपण करायची, पुढे दहा दिवस मायलेकराला तेल लावून शेकायची, न्हाऊ घालायची. बदल्यात तिला ज्वारी आणि बारशाला लुगडं.

त्या खोलीत शहाणपण होतं. वावरात राबणाऱ्या बाईला वर्षात कधी नव्हे तो विसावा तिथं मिळे. सोयर असल्यामुळे तिला चुलीजवळ कोणी बोलवत नसे. लेकरू चोवीस तास मायच्या कुशीत राही, थंडी लागत नसे. डिंक, खारीक, खोबरं तिच्याच वाट्याला येई. दूध उतरायच्या वेळी बाळंतीण उगाच रडायला लागली तर आजी कोणाला नावं ठेवू देत नसे. म्हणायची, ‘दूध उतरते तवा डोयेही भरते. रडू द्या तिले.’ तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीचं मन असं भरून येतं, हे आज डॉक्टरही सांगतात.

पण त्याच खोलीत मरणही होतं, आणि ते कुठून येतं हे कोणाला माहीत नव्हतं. नाळ विळ्यानं कापायची. कापल्यावर तिच्यावर राख नाहीतर हळद-तेल लावायचं. पहिले दोन-तीन दिवस बाळाला गुळाचं पाणी, मधाचं बोट, बकरीचं दूध. आईचा चीक मात्र घाण म्हणून पिळून टाकायचा. घरची गाय व्याली की तिचा चीक आम्ही गूळ घालून, खरवस करून आवडीनं खायचो, वासराला पहिल्यांदा पाजायला विसरत नव्हतो. माणसाच्या लेकराला तेवढा तो वर्ज्य होता. रोगाशी लढायची बाळाची पहिली ताकद त्याच पिवळ्या, घट्ट दुधात असते.

माझ्या मुलाच्या जातपडताळणीसाठी जुने पुरावे शोधताना मी कोतवाल बुकाच्या नकला काढल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळात गावातलं जन्म-मरण त्यात लिहिलं जाई. जन्माच्या पानावर बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. आजोबांचं नाव मला जन्माच्या पानांवर हवं होतं, ते मिळालं. मग मृत्यूच्या पानांवरही मिळालं. तीन वेळा. प्रत्येक वेळी जन्म आणि मृत्यू एकाच महिन्यात, आणि मृत्यूचं कारण ‘ताप’. त्या काळी ‘ताप’ म्हणजे ज्याचं कारण कळलं नाही असं बहुतेक कोणतंही मरण. तिन्ही लेकरांना नाव नव्हतं, कारण नाव बाराव्या दिवशी ठेवायचं आणि बारावा दिवस त्यांनी पाहिलाच नव्हता. आजी या तिघांबद्दल कधी बोलली नाही. कोणी विचारलं, लेकरं किती, तर चारच सांगायची.

म्हणूनच घरातली पाचवी मला आता वेगळी दिसते. पाचव्या दिवशी सांजेले खोलीत पाटा-वरवंटा मांडून पूजा व्हायची. सटवाई रात्री येऊन लेकराच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही आणि बायांनी आळीपाळीनं जागायचं. आजी म्हणायची, ‘पाचवी पार पडली का लेकरू आपलं म्हनावं. तवरक ते देवाचं हाये.’ आम्हा पोरांना यात गंमत वाटायची. पण आज जगभरचा हिशेब सांगतो, की पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. आजीजवळ हिशेब नव्हता. कोणत्या रात्री जागायचं एवढं तिच्या पिढीला पक्कं ठाऊक होतं. जागून करायचं काय, ते मात्र ठाऊक नव्हतं.

१९६४ साली माझ्या पाठची बहीण झाली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पाचवी नीट पार पडली. लेकरू चांगलं रडत होतं, पीत होतं. सातव्या दिवशी सकाळी त्यानं तोंड उघडणं सोडलं. जबडा घट्ट बसला, अंग काठीसारखं ताठ व्हायला लागलं. बाबांनी नागपूरला न्यायला बंडी जुंपली. दाई उंबरठ्यावर बसून होती. बंडी निघायच्या आतच सगळं संपलं. घरात म्हणाले, सटवाईनं लिहिलंच तेवढं होतं. तो धनुर्वात होता. विळ्यावरून, नाहीतर राखेतून नाळेत शिरलेला. आधी दोन-तीन दिवस बाळ नीट पितं आणि मग अचानक पिणं सोडतं, ही त्याची ओळखच आहे. माय म्हातारपणी एकदाच बोलली, ‘मले कोनी एक सुई टोचली असती, त पोरगी आज असती. एवढी सादी गोष्ट होती बाप्पा.’

ती साधी गोष्ट गावोगाव पोचायला वेळ लागला. १९७८ पासून देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला, १९८५ पासून तो सार्वत्रिक करायला घेतला. गरोदर बाईला धनुर्वाताची इंजेक्शनं मिळू लागली. दायांना प्रशिक्षण मिळालं: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं नवं, दोरा स्वच्छ आणि नाळेवर काहीही लावायचं नाही. विळा खोलीतून बाहेर गेला. माझ्या बायकोचं बाळंतपण १९८६ साली नागपूरच्या दवाखान्यात झालं. २०१५ मध्ये भारतातून बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. माय ते ऐकायला नव्हती.

पण पहिल्या आठवड्याचं मरण फक्त धनुर्वाताचं नव्हतं. कमी वजन, थंड पडणं, श्वास न घेणं, अंगभर पसरणारा जंतुसंसर्ग, हे सगळं खोलीतच राहिलं होतं. त्याचा शोध आमच्याच विदर्भात लागला. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीला गेले, ‘सर्च’ ही संस्था उभी केली. दवाखाना दूर, रस्ते नाहीत आणि सोयर पाळणारं घर बाळाला बाहेर काढत नाही, ही अडचण त्यांनी जशी आहे तशी धरली. बाळ दवाखान्यात येत नसेल तर दवाखान्याचं ज्ञान बाळाच्या खोलीत न्यायचं. ३९ गावांत गावातल्याच बाया शिकवून आरोग्यदूत केल्या. त्यांच्याकडे वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला ऊब देणारी पिशवी, श्वास सुरू करून द्यायचं साधन आणि वेळ पडली तर द्यायचं प्रतिजैविकाचं इंजेक्शन. ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये तो अहवाल छापून आला. चार बुकं शिकलेली खेड्यातली बाई लेकराला वाचवू शकते, हे जगाला आकड्यांत दिसलं.

मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्यांनी खोली मोडली नाही. ऊब, मायची कूस, सोबतीची बाई, हे सगळं राहू दिलं. राखेऐवजी स्वच्छता आणली, चीक परत बाळाच्या तोंडी दिला आणि जागणाऱ्या बाईच्या हातात घड्याळ दिलं.

२०११ मध्ये हीच पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशानं घरी यायचं. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. यादी पाहिली तेव्हा मला तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या मधोमध आजीची पाचवी दिसली.

१९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये तो आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. आता आमच्या बेसात बाळ दगावल्याचं क्वचितच कानावर येतं. तरी नवी अडचण आहे. ती मला माझ्या नातवाच्या वेळी दिसली.

माझा मुलगा आणि सून इथंच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. सुनेचं माहेर लांब, तिची आई आजारी. मी एकटा, माझी बायको तीन वर्षांपूर्वी गेली. चौथ्या दिवशी दवाखान्यातून बाळ घरी आलं आणि दार लागलं. खोली उजेडाची, स्वच्छ, पण आत फक्त दोघं, दोघांनाही काही माहीत नाही. बाळाचं वजन पहिल्या दिवसांत थोडं कमी झालं, तर सून घाबरली. ते व्हायचंच असतं, दहा-बारा दिवसांत भरून येतं. पहिली शी काळी झाली होती, तीही तशीच असते. रात्री दर दोन तासांनी बाळ उठे. दूध पुरत नाही म्हणून मुलगा पावडरचा डबा आणायला निघाला होता. तेवढ्यात सातव्या दिवशी आशाताई आली.

तिनं आधी हात धुतले. मग सुनेला भिंतीला टेकवून बसवलं, बाळाचं तोंड कसं लावायचं ते दाखवलं. म्हणाली, ‘जितकं पाजाल तितकं येईल. डब्बा नका आणू.’ मग मुलाकडे वळली.

‘दादा, घड्याळ घ्या अन् बाळाचे श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट.’

‘किती पाहिजे, ताई?’

‘साठाच्या वर गेले त थांबू नका, सरळ दवाखान्यात न्या. पिणं सोडलं, हातपाय थंड पडले, अंग तापलं, तरी तेच. एकशे आठले फोन करा.’

मुलानं मोजले. शेहेचाळीस. पुन्हा मोजले. माझ्या बाबांना दहा दिवस उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. त्यांना दारातूनच लेकरू दाखवत. इथं बाप बाळाच्या पोटाशी डोळे लावून आकडे मोजत होता, ढेकर काढत होता, दुपटी धूत होता. आमच्या तीन पिढ्यांत खोलीत झालेला हा सगळ्यात मोठा बदल असावा.

तरीही या इमारतींमधल्या जोडप्यांना माझं एक सांगणं आहे. पाचवी पुजा अगर नका पुजू, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण तो आठवडा दोघांवरच ठेवू नका. मायला, सासूला, काकूला, नाहीतर शेजारच्या एखाद्या अनुभवी बाईला बोलवा. आईला चार तास सलग झोपू द्या, तेवढा वेळ कोणीतरी जागं राहा. आशाताई दाराशी आली तर बाहेरूनच सही देऊन परत पाठवू नका, आत बसवा, पाणी द्या, विचारा. तिच्या वहीत बाळाचं नाव नसलं तरी वजन असतं, तारीख असते, पुढच्या भेटीचा दिवस असतो. आजीच्या तीन लेकरांच्या वाट्याला कोतवाल बुकातली एकेक ओळ आली होती.