आपलं मैदान

शाळेला मैदान नव्हतं. आपला पीटीचा तास शिवाजी पार्कावर व्हायचा. 1925 मध्ये महापालिकेनं ते खुलं केलं तेव्हा नाव होतं माहीम पार्क. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं शिवाजी पार्क हे नाव मिळालं. मालकी पालिकेची, पण खेळपट्ट्या राखल्या क्लबांनी. सरांच्या धाकानं आपणही रोलर ओढलाय, आणि सभेनंतर बांबूंचे खड्डे बुजवलेत! 2010 मध्ये उच्च न्यायालयानं पार्क शांतता क्षेत्र ठरवलं. भोंग्यांनी विटलेल्या रहिवाशांचं बरोबरच होतं. पण परवा कट्ट्यावर एक आजोबा खेळणाऱ्या पोरांनाच ‘ओरडू नका’ म्हणून दटावत होते. मी पोरांच्या बाजूनं भांडलो. आजोबा आपल्याच शाळेचे निघाले, मला दोन वर्षं पुढे.