मातीची पारख आणि सरकारी नजर : गांजा लागवडीच्या जागेचा इतिहास व बुलढाणा जिल्हा

प्रस्तावना :
औषधी उपयोगासाठी गांजाच्या लागवडीचा प्रश्न आज पुन्हा चर्चेत आहे. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लागवडीची परवानगी मागितली होती. शेतमालाला भाव नसणे हे त्यामागील कारण होते. बुलढाणा जिल्ह्यातील कापूस-सोयाबीन उत्पादकाची व्यथा याहून वेगळी नाही. या पिकासाठी पूर्वी जागा कशी निवडली जाई, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

जमिनीची निवड व मशागत :
वसाहतकालीन नोंदींत बंगालमधील नौगाव (आता बांगलादेशात) येथील लागवडीचे सविस्तर वर्णन आढळते. तेथे उंचावरील, पाणी न साचणारी, सावलीविरहित व हलकी जमीन निवडली जाई. अनेकवार नांगरट करून शेणखत घातले जाई. ऑगस्टमध्ये वाफ्यात बी टाकून सप्टेंबरात रोपांची लावणी होई. फुलोऱ्यापूर्वी नर झाडे उपटण्याचे काम 'पोद्दार' नावाचे जाणकार करीत. कारण फलधारणा झाल्यास राळ घटते.

परवान्याचे क्षेत्र :
तथापि, केवळ मातीवरून जागा ठरत नसे. १८९३ मध्ये नेमलेल्या 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'ने १,१९३ साक्षी नोंदवून १८९४ मध्ये अहवाल दिला. संपूर्ण बंदीऐवजी परवाने, कर व नियंत्रण यांची शिफारस त्याने केली. त्या काळी मध्य प्रांतातील लागवड निमाड जिल्ह्यातील खांडवा तहसिलीत, तर मुंबई इलाख्यातील बहुतांश लागवड अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात केंद्रित होती. पीक एका ठिकाणी असल्यास मोजणी, साठवण व करवसुली सुलभ होते, हे या केंद्रीकरणाचे मर्म होय. सुपीक जमीन इतरत्रही होती. पहारा मात्र सर्वत्र ठेवणे शक्य नव्हते.

बुलढाण्याचा संदर्भ :
१८५३ च्या तहाने इंग्रजांकडे आलेल्या वऱ्हाडातील हा जिल्हा या दोन केंद्रांच्या मधल्या पट्ट्यात येतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळी जमीन व काही भागात खारपाणपट्टा, तर घाटावर चिखली-मेहकरकडे तुलनेने हलकी, निचऱ्याची जमीन आढळते. नौगावचे निकष लावल्यास घाटावरील काही रान योग्य ठरू शकेल. परंतु इतिहास सांगतो की, निचऱ्याआधी परवान्याचा विचार करावा लागतो.

सद्यःस्थिती :
१९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानुसार विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्याच्या कलम १० नुसार राज्य शासनास लागवडीस परवानगी देण्याचा व तिचे नियमन करण्याचा अधिकार आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक अनुसूचीतून वगळून त्याच्या औषधी उपयोगाची दखल घेतली. तरीही तुरीच्या ओळींत चोरून झाडे लावणारा शेतकरी तुरुंगाचीच वाट धरतो.

निष्कर्ष :
गांजाच्या शेताची निवड शेतकऱ्याइतकीच शासनानेही केली, असे इतिहासावरून दिसते. उद्या औषधी लागवडीस मुभा मिळालीच, तर ती मर्यादित व पहाऱ्याखालील क्षेत्रातच मिळेल. परवाना कोणाला मिळणार, कोरडवाहू अल्पभूधारकाला की भांडवलदार कंपनीला, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ठरण्यापूर्वी या पिकाला कर्जबाजारीपणावरील उपाय मानणे शेतकऱ्यास धोक्याचे ठरेल.